मोटार धावते, थांबेल काय?

आमच्या परिचयाचे एक शिक्षक आहेत. निवृत्तीला पाच-सहा वर्षे उरली असता आणि मुलांची शिक्षणे मार्गी लागल्यावर त्यांनी गेल्या वर्षी आयुष्यातील पहिली मोटार घेतली. अर्थात नवी नव्हे. अकरा वर्षे वापरलेली. घेण्यापूर्वी त्यांनी केलेली चौकशी एखाद्या हिशेबतपासनिसाला शोभावी अशी होती. नोंदणीचे पुस्तक पाहिले, विम्याचा कागद पाहिला, आधीच्या मालकाचे कर्ज फिटल्याचा बँकेचा दाखला मागून घेतला, धुराच्या तपासणीचे प्रमाणपत्र मुदतीत असल्याची खात्री करून घेतली. सोबत नेलेल्या जाणकार मित्राने बॉनेट उघडून इंजिनाचा आवाज कान देऊन ऐकला आणि ‘मशीन ठणठणीत आहे’ असा निर्वाळा दिला. सौदा झाला, पेढे वाटले गेले. आणि दोन महिन्यांनी, कोल्हापुराहून रत्नागिरीकडे जाताना आंबा घाट उतरत असता, ब्रेकवर ठेवलेला त्यांचा पाय कोणताही अडथळा न होता थेट तळाला टेकला.

समोरून वाहन येत नव्हते, हे दैव. खालचा गिअर टाकून, हँडब्रेक ओढून, डोंगराच्या बाजूच्या चरात चाक घालून त्यांनी गाडी कशीबशी थांबविली. घाटाखाली साखरप्याला जो मेकॅनिक मिळाला त्याचे निदान एका वाक्याचे होते : ब्रेक ऑइल कित्येक वर्षांत कोणी बदललेले नाही. ब्रेकच्या नळ्यांतील हे तेल हवेतील ओलावा शोषून घेते. नेहमीच्या वापरातील साध्या प्रतीचे नवे, कोरडे तेल २०५ अंश सेल्सिअसच्या आत उकळत नाही. ओलावा मुरला की हीच मर्यादा १४० अंशांपर्यंत खाली येऊ शकते. लांब उतारावर ब्रेक सतत दाबून धरला की चाकांजवळचे तेल तापते, त्याची वाफ होते. आणि तेल दाबले जात नसले तरी वाफ दाबली जाते. पायाचा सारा जोर मग त्या वाफेतच जिरतो.

या प्रसंगात विचार करण्याजोगी गोष्ट अशी की, त्या शिक्षकांनी तपासलेल्या कागदांपैकी एकही खोटा नव्हता. मालक कोण, विमा आहे की नाही, कर्ज फिटले की नाही, धूर किती निघतो, या प्रत्येक प्रश्नाला प्रत्येक कागदाने प्रामाणिक उत्तर दिले होते. ‘ही मोटार थांबते काय?’ हा प्रश्न मात्र आपल्या देशात खाजगी मोटारीला कोणताच कागद विचारीत नाही. निदान पहिली पंधरा वर्षे तरी नाही.

हा प्रश्न दरवर्षी विचारण्याची पद्धत ज्या देशांत आहे त्यांत ब्रिटनचा अनुभव जुना आहे, आणि त्याच्या नोंदीही तपशीलवार उपलब्ध आहेत. डाव्या बाजूने गाडी हाकण्याची रीत आपण त्यांच्याकडून घेतली. ही दुसरी रीत घेतली नाही, म्हणून तिच्याकडे जरा निरखून पाहणे योग्य ठरेल. अर्नेस्ट मार्पल्स हे वाहतूकमंत्री असताना, १९६० साली, तेथे ही तपासणी सुरू झाली. प्रारंभी ती दहा वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांपुरतीच होती, आणि तीत फक्त ब्रेक, स्टिअरिंग व दिवे एवढेच पाहिले जात. परंतु नापास होणाऱ्यांची संख्या पाहून सरकारचेच डोळे उघडले. वर्ष-दीड वर्षात दहाची मर्यादा सातावर आणावी लागली आणि १९६७ मध्ये ती तीन वर्षांवर आली. तेव्हापासून ग्रेट ब्रिटनमधील प्रत्येक मोटार वयाला तीन वर्षे पुरी झाली की दरवर्षी तपासनिसापुढे उभी राहते. ‘मिनिस्ट्री ऑफ ट्रान्सपोर्ट’ या नावाचे खाते आता तेथे अस्तित्वात नाही. परंतु त्याच्या आद्याक्षरांवरून पडलेले ‘एम. ओ. टी.’ हे परीक्षेचे नाव मात्र लोकांच्या तोंडी कायम आहे. तीनऐवजी चार वर्षांनी पहिली तपासणी करावी असा विचार २०२३ साली पुढे आला होता. लोकांची मते मागविल्यानंतर सरकारने २०२४ च्या आरंभी तो सोडून दिला.

या परीक्षेत आजही दर दहा मोटारींमागे सुमारे तीन पहिल्या खेपेस नापास होतात. आपल्या शालान्त परीक्षेच्या निकालाकडे पाहण्याची सवय असलेल्या वाचकाला हे प्रमाण फार वाटणार नाही. पण हे विद्यार्थी कोण आहेत, हे ध्यानात घ्यावयास हवे. परीक्षेची तारीख त्यांच्या मालकांना वर्षभर आधी ठाऊक असते, प्रश्नपत्रिका छापील स्वरूपात जाहीर असते, आणि ती दरवर्षी जवळजवळ तीच असते. तरीही दहांपैकी तीन नापास. आणि नापास होण्याची कारणे वाचू लागले की आश्चर्याची जागा संकोच घेते. कारण त्यांतील बरीचशी कारणे शोधण्यास यंत्राची काय, मेकॅनिकचीही गरज नसते.

पहिल्या क्रमांकांतच येतात ते दिवे. ब्रेकचा दिवा लागत नाही, मागचा एक दिवा गेला आहे, नंबरपट्टीवरचा दिवा विझला आहे, इंडिकेटर लुकलुकत नाही. बल्बची किंमत ती काय! पण मोटारीचा मागचा दिवा ही मोठी चमत्कारिक वस्तू आहे. ती ज्याच्या मालकीची त्याला चालविताना कधीच दिसत नाही आणि ज्याला दिसते त्याला मालकाला सांगण्याची सोय नसते. आपल्या पाठीवरचा खडूचा डाग जसा साऱ्या वर्गाला दिसतो आणि मास्तरांना दिसत नाही, तसेच हे. याखेरीज पुढच्या दिव्यांचा झोत. बल्ब शाबूत असूनही झोत वर चढलेला असला की गाडी नापास होते. कारण समोरून येणाऱ्याचे डोळे दिपविणारा दिवा हाही बिघडलेलाच दिवा, असे ही परीक्षा मानते. युरोपच्या मुख्य भूमीवरून आणलेल्या गाड्यांचा झोत उजव्या बाजूला झुकलेला असतो, त्यांनाही याच कारणासाठी परत पाठविले जाते. आपल्या महामार्गांवर रात्री एकदा जरी प्रवास केला तरी या एका कलमाखाली इकडच्या किती गाड्या परत जातील, याचा अंदाज ज्याचा त्याने करावा.

दुसरे नेहमीचे कारण टायर. खाचांची खोली निदान १.६ मिलिमीटर असली पाहिजे, असा तेथील नियम आहे. टायरच्या मधल्या तीन चतुर्थांश रुंदीत आणि संपूर्ण घेरात ती तेवढी भरली पाहिजे. मोटारीसाठी १.६ मिलिमीटरचा हाच आकडा आपल्या १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतही आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. तो नियम आहे, पण खाजगी मोटारीबाबत तो पाहणारा दिवस नाही. खाचा कशासाठी असतात, हेही आपण विसरलो आहोत. कोरड्या डांबरावर गुळगुळीत टायर बरा चालतो. किंबहुना चांगलाच चिकटतो. खाचा असतात त्या पाण्यासाठी. ओल्या रस्त्यावर चाकाखालचे पाणी बाजूला सारण्यास वाट हवी. ती नसेल तर चाक रस्त्याला सोडून पाण्याच्या पातळ थरावर तरंगू लागते आणि मग स्टिअरिंग फिरवूनही गाडी वळत नाही. मार्चमध्ये निर्दोष वाटणारा टायर जूनच्या पहिल्या सरीत दगा देतो तो यामुळे. बहुतेक टायरांच्या खाचांच्या तळाशी रबराचे लहान आडवे उंचवटे मुद्दाम ठेवलेले असतात. टायर झिजून त्यांच्या पातळीला आला की त्याचे आयुष्य संपले. ते पाहण्यास वाकावे लागते, एवढाच काय तो खर्च.

वायपरचे रबर फाटलेले असणे, काच धुण्याच्या टाकीत पाणी नसणे, भोंगा न वाजणे ही कारणे सांगून पुढे जाऊ. मात्र टाकीत पाणी नाही म्हणून मोटार नापास होते, हे ऐकून हसणाऱ्याने पावसाळ्यात ट्रकच्या मागे एकदा गाडी चालवून पाहावी. समोरच्या काचेचेही मोजमाप ठरलेले आहे. चालकाच्या नजरेसमोरील पट्ट्यात दहा मिलिमीटरपेक्षा मोठी इजा चालत नाही. वायपर फिरतो त्या इतर भागात चाळीसपर्यंत चालते.

यानंतर येतात ती कारणे पाहण्यास गाडी उचलावी लागते. मोटार वर चढवून तपासनीस तिच्या पोटाखाली शिरतो आणि पहारीसारख्या दांड्याने सांधे हलवून पाहतो. स्प्रिंग तुटलेली, रबरी बुश फाटलेले, बॉल जॉइंट ढिला, शॉकअॅब्सॉर्बरमधून तेल गळते आहे, अशा दोषांची संख्या ब्रिटनमध्ये फार मोठी आहे. थंडीत रस्त्यावर टाकलेल्या मिठाने लोखंड खाल्ले जाते, खड्डे त्याला शेवटचा धक्का देतात. या दोषांचा स्वभाव असा की ते हळूहळू वाढतात आणि चालविणाऱ्याचा हात त्यांना नकळत सरावतो. गाडी डावीकडे ओढते, म्हणून आपण स्टिअरिंग किंचित उजवीकडे धरू लागतो. महिनाभराने आपण तसे धरतो हेही विसरतो. बाहेरचा मनुष्य त्या गाडीत बसला की त्याला चटकन कळते. खड्डे आणि मनमानी उंचीचे गतिरोधक या दोहोंची जेथे रेलचेल आहे, त्या आपल्या रस्त्यांवर हे सांधे किती काळ टिकत असतील, याची नोंद ठेवणारे वार्षिक पुस्तक आपल्याकडे नाही.

ब्रेकसंबंधी थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे; कारण येथे ही परीक्षा अंदाजावर विसंबत नाही. मोटारीची चाके फिरत्या रुळांवर उभी करतात, ब्रेक दाबतात आणि प्रत्येक चाकाचा जोर वेगळा मोजतात. सर्व चाकांचा मिळून जोर गाडीच्या वजनाच्या निदान निम्मा भरला पाहिजे. अलीकडच्या गाड्यांसाठी हा आकडा ५८ टक्के आहे. हँडब्रेकसाठी तो १६ टक्के आहे. इतकेच पाहून थांबत नाहीत. एकाच आसावरील डाव्या आणि उजव्या चाकांच्या जोरात ३० टक्क्यांहून अधिक तफावत असली तरीही गाडी नापास. या शेवटच्या कलमातील शहाणपण लक्षात घेण्याजोगे आहे. एक बाजू जोरात धरणारी आणि दुसरी सैल असणारी गाडी सपाट, कोरड्या रस्त्यावर सावकाश थांबते आणि मालकाला ‘ब्रेक लागतो’ असे वाटते. अचानक, ओल्या रस्त्यावर, जोराने ब्रेक दाबावा लागला की तीच गाडी स्वतःभोवती गिरकी घेते. म्हणजे ब्रेक लागतो की नाही एवढे पाहून भागत नाही. तो सारखा लागतो की नाही, हे मोजावे लागते, आणि ते पायाला कळत नाही.

गंजाचाही उल्लेख करावयास हवा. पत्र्याला कोठेही भोक पडले म्हणून तेथे कोणी नापास करीत नाही. जेथे सीटबेल्ट बांधलेला असतो, जेथे सस्पेन्शन जोडलेले असते, अशा ठिकाणापासून ३० सेंटिमीटरच्या आत पत्रा कुजला असेल तर मात्र गय नाही. अपघातात सीटबेल्ट तुटला नाही, पण ज्या पत्र्याला तो खिळलेला होता तो पत्राच उखडून आला, तर बेल्ट बांधला काय आणि न बांधला काय! समुद्रकाठच्या खाऱ्या हवेत राहिलेल्या, वर सुबक पुट्टी आणि रंग मारून विकावयास काढलेल्या मोटारी मुंबईहून आणि कोकणातून देशावर येतात. घेणारा रंगाची चकाकी पाहतो. खाली वाकून टॉर्च मारणारा विरळा.

आता या सर्व यादीत काय नाही, ते पाहावे. इंजिनाचा दम, क्लच, गिअरपेटी यांची परीक्षा ब्रिटनमध्ये घेतच नाहीत. धूर मोजतात, तेल गळते का पाहतात. पण इंजिन दमदार आहे की मरतुकडे, गाडी चढ चढेल की वाटेत बंद पडेल, हा मालकाचा प्रश्न मानला जातो. बंद पडलेली गाडी सहसा मालकालाच त्रास देते. न थांबणारी गाडी दुसऱ्याच्या जिवावर उठते. आपल्याकडील खरेदीची तऱ्हा नेमकी उलट आहे. आपण इंजिनाचा आवाज ऐकतो, सरासरी विचारतो, आतील गाद्या आणि गाणी वाजविण्याचे यंत्र पाहतो. गाडी किती चांगली धावते याची आपण कसून चौकशी करतो आणि ती कशी थांबते हे गृहीत धरतो.

अर्थात या परीक्षेला देव्हाऱ्यात बसविण्याचे कारण नाही. तिच्या मर्यादा तेथील सरकारच उघडपणे सांगते : प्रमाणपत्र म्हणजे त्या दिवशी, त्या घटकेला गाडी किमान मर्यादेत बसत होती, एवढेच, वर्षभराची हमी नव्हे. ज्या दोषाने आमच्या शिक्षकांची मोटार घाटात फसली तो दोष या परीक्षेत सापडलाच असता, असेही खात्रीने म्हणता येत नाही. तपासनीस तेलाची पातळी पाहतो, तेल डोळ्यांना गढूळ दिसले तर हरकत घेतो. पण त्यात मुरलेला ओलावा मोजत नाही. तथापि, दरवर्षी कोणीतरी त्या टाकीचे झाकण पाहणार आहे एवढ्या धाकानेही गॅरेजमधील मनुष्य तेल बदलण्याची आठवण करून देतो. परीक्षेचा खरा उपयोग परीक्षेच्या आदल्या आठवड्यात होतो, हे शिक्षकवर्गाला निराळे सांगावयास नको.

दुसरी मर्यादा हितसंबंधांची. ब्रिटनमध्ये ही तपासणी वीस हजारांहून अधिक परवानाधारक गॅरेजांत होते आणि जे गॅरेज दोष काढते तेच तो दुरुस्तही करते. परीक्षकानेच शिकवणी चालवावी, असा हा प्रकार आहे, आणि त्यावर तेथे टीकाही होते. त्यावर उपाय म्हणून मालकाला दुरुस्ती अन्यत्र करून आणण्याची मुभा आहे, तपासणी स्वतः उभे राहून पाहण्याची सोय आहे, आणि मोटारीसाठी घ्यावयाच्या शुल्काची कमाल मर्यादा सरकारने बांधून दिली आहे. जर्मनीने निराळा मार्ग पत्करला. तेथे नव्या मोटारीची पहिली तपासणी तीन वर्षांनी आणि मग दर दोन वर्षांनी होते. पण ती करणाऱ्या संस्था दुरुस्तीचा धंदा करीत नाहीत. आम्हांला जर्मनांचा मार्ग अधिक निर्मळ वाटतो. मात्र ब्रिटनने एक गोष्ट अशी केली आहे की तिला तोड नाही. मोटारीच्या प्रत्येक तपासणीचा निकाल, नापास झाल्यास त्याची कारणे आणि त्या दिवशीचा किलोमीटरदर्शक आकडा (त्यांच्याकडे मैलांचा) हे सर्व सरकारी नोंदीत राहते, आणि केवळ गाडीचा क्रमांक देऊन ते कोणालाही विनामूल्य पाहता येते. ज्या गाडीने गेल्या वर्षी ऐंशी हजारांचा आकडा दाखविला तिने यंदा पंचावन्न हजार दाखविला तर निराळा पुरावा कशाला! आपल्याकडे जुन्या मोटारींच्या बाजारात ‘आकडा मागे फिरविणे’ हा शब्दप्रयोग इतका रूढ झाला आहे की तो उच्चारताना कोणी आवाजसुद्धा खाली करीत नाही.

या मताविरुद्ध एक गंभीर आक्षेप आहे आणि तो टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. बहुतेक अपघात माणसाच्या चुकीने होतात, यंत्राच्या दोषाने नव्हे. मग तपासणीचा खटाटोप आणि लोकांवर खर्चाचा भार कशाला? अमेरिकेतील टेक्सस राज्याने खाजगी मोटारींची वार्षिक सुरक्षा तपासणी १ जानेवारी २०२५ पासून बंद केली. मोठ्या शहरांच्या जिल्ह्यांत धुराची तपासणी तेवढी ठेवली. म्हणजे या बाबतीत टेक्सस आपल्या पंक्तीला येऊन बसले, असे विनोदाने म्हणता येईल. परंतु यंत्राचा दोष आणि माणसाची चूक यांची अशी वाटणी करता येते, हेच मुळात पटत नाही. चालकाने क्षणभर उशिरा ब्रेक दाबला, ही त्याची चूक. टायर गुळगुळीत नसते तर त्या चुकीनंतरही गाडी चार हात अलीकडे थांबली असती. पोलिसांच्या पंचनाम्यात मग ‘चालकाचा निष्काळजीपणा’ एवढेच येते. ब्रेकच्या दोन बाजूंतील तफावत तेथे कोण मोजणार? २०२२ या एका वर्षात भारतात रस्त्यांवर १ लाख ६८ हजारांवर माणसे मेली. त्यांतील किती जण त्या चार हातांच्या अंतराने गेले, हे सांगण्याची सोयच आपण ठेवलेली नाही. आणि जे मोजले नाही ते नाही, असे मानून चालणे सोयीचे असले तरी शहाणपणाचे नाही.

आपला कायदा या बाबतीत मुका आहे असे मात्र नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने भाड्याने चालणाऱ्या वाहनांना, म्हणजे टॅक्सी, रिक्षा, ट्रक, बस, शाळेची गाडी यांना योग्यता प्रमाणपत्र सक्तीचे केले आहे. लोक त्याला ‘पासिंग’ म्हणतात. आजच्या नियमांप्रमाणे आठ वर्षांपर्यंत ते दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी घ्यावे लागते. खाजगी मोटारीची नोंदणी मात्र एकदम पंधरा वर्षांची असते. ती संपल्यावर नूतनीकरणाच्या वेळी गाडी प्रथमच तपासनिसापुढे येते, आणि त्यानंतर पाच वर्षांनी. या भेदामागील तर्क प्रीमियर पद्मिनीच्या उदाहरणाने तपासून पाहावा. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटची पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाली. तोवर कितीतरी वर्षे मुंबईच्या एकाच सिग्नलला दोन पद्मिनी शेजारी शेजारी उभ्या राहत. एक काळी-पिवळी, दुसरी पांढरी किंवा निळी. कारखाना तोच, ब्रेक तेच, स्प्रिंगा त्याच. त्यांतील काळ्या-पिवळीला ठरल्या मुदतीने पासिंगला जावे लागे, आणि पांढरीला कोणी काही विचारीत नसे. टॅक्सी अधिक धावते, तिच्यात परकी माणसे बसतात, हे खरे. पण रस्ता ओलांडणाऱ्या पोराला कोणत्या रंगाच्या गाडीचा ब्रेक लागला नाही, याने काय फरक पडतो?

शिवाय जेथे तपासणी आहे तेथेही ती कशी होते, हे आपण जाणतो. पासिंगपुरते दुसऱ्याचे टायर लावून आणावयाचे आणि परतताना उतरवून द्यावयाचे, एजंटाच्या हाती कागद द्यावयाचे आणि गाडी झाडाखाली उभी ठेवावयाची, या गोष्टी चालकांच्या गप्पांत बिनदिक्कत ऐकू येतात. ब्रेकची चाचणी घ्यावयास पुरेसा लांब रस्ताच नसताना प्रमाणपत्रे दिली जातात, याकडे मुंबई उच्च न्यायालयाला गेल्या दशकात लक्ष पुरवावे लागले होते. माणसाच्या डोळ्याऐवजी यंत्राने तपासणी करणारी केंद्रे उभारण्याचे नियम केंद्र सरकारने २०२१ साली केले, ही चांगली गोष्ट झाली. रुळांवर मोजलेला आकडा ओळखीने बदलत नाही. पण ती केंद्रेही मुख्यतः भाड्याच्या वाहनांसाठी. खाजगी मोटार पंधरा वर्षांची होईपर्यंत त्यांच्या दारावरून सरळ निघून जाते.

सर्व खाजगी मोटारींना उद्यापासून वार्षिक तपासणी लागू करा, असे आम्ही म्हणणार नाही. तेवढी केंद्रे नाहीत, आणि घाईने लादलेली तपासणी एजंटांच्या उत्पन्नात भर घालण्यापलीकडे काही करणार नाही. परंतु एक टप्पा असा आहे की तेथे आरंभ करता येईल. मोटार एका मालकाकडून दुसऱ्याकडे जाते तेव्हा २९ आणि ३० क्रमांकाचे नमुने भरून परिवहन कार्यालयात जावेच लागते. त्या नमुन्यांत नावे आहेत, पत्ते आहेत, सह्या आहेत. ब्रेकचा उल्लेख नाही. मालकी बदलण्यापूर्वी, गाडी सात-आठ वर्षांहून जुनी असेल तर, रुळांवर ब्रेक मोजलेला, टायर आणि सांधे पाहिलेला एक निकालपत्रक जोडले पाहिजे, आणि ते क्रमांकावरून कोणालाही पाहता आले पाहिजे, एवढा नियम करण्यास नवा कायदाकानू उभारावा लागेल असे वाटत नाही. त्याचा खर्च विकणाऱ्याने सोसावा. जुनी मोटार घेणारा बहुधा शिक्षक, कारकून, लहान दुकानदार असतो. नवी घेण्याची ऐपत असती तर तो या बाजारात आलाच नसता; आणि इंजिनाच्या आवाजापलीकडे काही तपासण्याची विद्या त्याच्यापाशी नसते. त्याच्या वतीने ते वाकून पाहण्याचे काम कोणीतरी केले पाहिजे.

आमच्या शिक्षकांनी साखरप्याहून परतल्यावर ब्रेक ऑइल बदलले, चारही टायर बदलले, आणि तपासता तपासता कळले की ब्रेकचे मागचे दोन्ही दिवेही लागत नव्हते. किती दिवसांपासून, हे सांगणे कठीण. आता ते दर रविवारी संध्याकाळी गाडी शाळेच्या भिंतीकडे पाठ करून उभी करतात आणि ब्रेक दाबून भिंतीवर तांबडा उजेड पडतो का, ते आरशात पाहतात. त्यांच्या धुराच्या प्रमाणपत्राची मुदत पुढच्या महिन्यात संपते आहे. ते नवे करून आणावयास, गर्दी नसेल तर, पाच मिनिटे लागतील.